जूनमधलं जर्मेनियम

ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाच्या दिवसांत, डिसेंबरात, वाजायला लागलेलं पेडल मे महिन्यात बिघडलं. बिघडलं म्हणजे बंद पडलं असं नव्हे. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. कुठेतरी तार तुटलेली असते, ती सापडली की झालं. हे वाजत होतं आणि वाईट वाजत होतं. गिटारची तार जोरात छेडली तर सूर क्षणभर उभा राहायचा आणि मधेच कुणी गळा दाबावा तसा तुटायचा. हळू छेडली तर नुसती पुटपुट. आणि खरी पंचाईत पुढेच होती: हे पेडल मुळात आवाज फाडण्यासाठीच बनवलेलं होतं. फाटका आवाज काढणाऱ्या वस्तूचा आवाज फाटला, ही तक्रार कुणाला सांगायची?

तक्रारदार माझा भाचा. ग्वाल्हेरातच इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. ताईचं घर फूलबागेजवळ. ग्वाल्हेर न पाहिलेल्यांना फूलबाग माहीत असते ती राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीमुळे. १८५८च्या जूनमध्ये राणी इथे पडल्या आणि आजही जूनच्या १७-१८ तारखांना समाधीपाशी मेळा भरतो. त्याच आवारात माधवराव शिंद्यांच्या काळातलं गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज अशी चार ठिकाणं एकमेकांना धरून उभी आहेत. पलीकडे प्राणिसंग्रहालय, मोतीमहाल, बैजाताल. आणि शहरातल्या सभा-मोर्चांचं मैदान हेच.

हे मैदान आपल्याला उपयोगी आहे, कारण फझ नावाचं पेडल काय करतं ते तिथे फुकट ऐकायला मिळतं. वक्त्याला जोर चढतो, तो माइक ओठांना लावतो आणि भोंग्यातून शब्दांऐवजी चरचराट यायला लागतो. अँप्लिफायरला जेवढ्या व्होल्टचा पुरवठा असतो त्याहून उंच लाट तो उभी करू शकत नाही. वरचा भाग सपाट छाटला जातो. छाटलेल्या लाटेत मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि कानाला ती धार जाणवते. सभेत हा दोष. गिटार आणि अँप्लिफायरच्या मधे, वादकाच्या पायाशी ठेवलेल्या एका डबीत तोच दोष दोन ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन, मापात, हवा तेव्हा बटण दाबून पैदा केला की त्याला फझ म्हणायचं.

जन्मही दोषातूनच झाला. १९६० साली नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं मुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिनचा बास गिटार कन्सोलच्या ज्या चॅनेलमधून जात होता त्यातला ट्रान्सफॉर्मर आचके देत होता. मधल्या तुकड्यात गिटारऐवजी काहीतरी भुंग्यासारखं गुरगुरलं. तुकडा काढून टाकायचा की ठेवायचा यावर खल झाला, शेवटी ठेवला, १९६१मध्ये गाणं गाजलं आणि इतर वादक येऊन 'आम्हालाही तो आवाज द्या' म्हणू लागले. तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी याने मग तो बिघाड ट्रान्झिस्टरवर नव्याने बांधला आणि गिब्सन कंपनीला विकला. १९६२मध्ये 'मायस्ट्रो फझ-टोन' बाजारात आलं. खप यथातथाच होता. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने ते वापरलं, तेही इथे पुढे ब्रासची वाद्यं घालू म्हणून कच्चा आराखडा दाखवण्यापुरतं. आराखडाच कायम झाला. मग १९६६मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीचं गोल चकतीसारखं 'फझ फेस' आलं, ते जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी गेलं, आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी लिंक रे याने स्पीकरच्या कागदाला भोकं पाडून आणि डेव्ह डेव्हिसने ब्लेडने तो फाडून हाच आवाज काढला होता. पण स्पीकर फाडला की फाडला, बटण दाबून तो पुन्हा सांधता येत नाही.

भाच्याने बांधलं ते या फझ फेसचंच सर्किट. सामान अगदी थोडं: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. झिरो पीसीबीच्या काडेपेटीएवढ्या तुकड्यावर सगळं मावतं. रेझिस्टर-कपॅसिटर कुठेही मिळतात. अडतं ते ट्रान्झिस्टरशी. मूळ फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, सिलिकॉनचे नव्हेत, आणि अशा ट्रान्झिस्टरचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन जगभरात कधीच थांबलं. आज परदेशातले पेडल बनवणारे जुन्या गोदामांत पडून राहिलेला माल धुंडाळत असतात आणि नगाला चांगली किंमत मोजतात.

भाच्याला तो घरात मिळाला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली. पुढे वीसेक वर्षं आपल्या घराघरांतल्या ट्रान्झिस्टर रेडिओत तेच असत. रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात, स्पीकर हलवायला, एसी १२८ची जोडी. भाच्याच्या आजोबांचा फिलिप्सचा रेडिओ माळ्यावर होता. त्याचं कातड्याचं कव्हर कडक होऊन तडकलं होतं. आजोबा गेल्यानंतर तो कुणी लावला नव्हता. ताईने आधी नाही म्हटलं, मग 'निदान काहीतरी वाजेल तरी त्यातून' म्हणून काढू दिला. पेन्सिलीच्या टोकाएवढी पत्र्याची नळी, खाली तीन पाय. पाय जुने, काळवंडलेले. ब्लेडने खरवडल्याशिवाय त्यांवर सोल्डर धरत नाही. आणि आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही, पाय चिमट्यात धरून ठेवायचा, म्हणजे उष्णता आत जाण्याआधी चिमट्यात उतरते. जर्मेनियमला उष्णतेचं वावडं असतं हे भाच्याला सोल्डर मारताना माहीत होतं. तेच वावडं पुढे पाच महिन्यांनी आडवं येईल हे डोक्यात आलं नाही. हिवाळ्यात कुणाच्या येतं?

मे महिन्यात मी गेलो तेव्हा पेडलची डबी पलंगावर उघडी पडलेली होती आणि पलंग निम्मा सर्किटच्या कागदांनी भरला होता. 'मामा, तुम्हीच ऐका,' म्हणून त्याने वाजवून दाखवलं. वर सांगितली ती पुटपुट.

हाताने बनवलेल्या पेडलमध्ये काय काय बिघडू शकतं, याची यादी आपल्याकडे जरा वेगळी आहे. परदेशी पुस्तकांत पहिला संशयित गार सोल्डर: वरून चकचकीत नसलेला, दाणेदार टाका, जो दिसतो जोडलेला पण आतून सुटा असतो. तो इथेही असतो. झिरो पीसीबीवर दोन टिंबांमधून सोल्डरचा केसाएवढा ओघळ जातो, हेही सगळीकडचंच. भिंग घेऊन बसायचं आणि टिंबांमधून ब्लेड ओढत जायचं. पण आपली खास दुखणी दुसरीच. घरात अडॅप्टर पडलेले असतात ते राउटरचे, सेट-टॉप बॉक्सचे. १२ व्होल्टचे, आणि पिनच्या मध्यभागी प्लस. पेडलच्या दुनियेत मध्यभागी मायनस हा रिवाज. घाईत राउटरचा अडॅप्टर खुपसला की सर्किटमध्ये संरक्षणाचा डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर तरी जातो, नाहीतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतो. एसी १२८सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर वापरला तर आणखी एक मेख. त्यात जमिनीला प्लस जोडलेला असतो. एकाच अडॅप्टरवरून हे पेडल आणि शेजारचं साधं पेडल चालवलं की एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला गिटारच्या वायरीतूनच जाऊन भिडतो आणि सगळंच शॉर्ट. म्हणून असं पेडल बॅटरीवरच चालवावं.

बॅटरीचाही एक विनोद आहे. अमेरिकेतला एरिक जॉन्सन हा वादक पेडलमध्ये कुठल्या कंपनीची बॅटरी आहे हे आवाजावरून ओळखतो अशी त्याची ख्याती. फझचे दर्दी सांगतात की महागडी अल्कलाइन नको, साधी झिंक-कार्बन हवी, कारण तिचा आतला रोध जास्त असतो आणि आवाज मऊ होतो. म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात धूळ खात लटकलेली सर्वांत स्वस्त ९ व्होल्टची बॅटरी हीच त्यांची दुर्मीळ वस्तू! फक्त एक पथ्य: इनपुटच्या जॅकमध्ये पिन राहिली की बॅटरी चालूच राहते. सरावानंतर गिटारची वायर उपसली नाही तर दोन दिवसांनी पेडल बिघडल्याची हाकाटी होते आणि बिघाड काहीच नसतो.

तिसरं दुखणं सिलिकॉनवाल्यांचं. परदेशी आराखड्यात २एन ३९०४ लिहिलेला असतो, आपल्या बाजारात हमखास मिळतो बीसी ५४७. दोन्ही दिसायला सारखे, काळा अर्धगोल, तीन पाय. पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि दुसऱ्याचे नेमके उलट. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर जळत नाही, अगदी गप्पही बसत नाही. फार कमी गेन देऊन कुरकुरत राहतो, म्हणून शोधायला कठीण. आणि चौथं, ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या दिव्यात वाचलेले रेझिस्टरचे रंग. तीन नारिंगी पट्टे म्हणजे ३३ के. तिसरा लाल असेल तर ३.३ के. दहापट फरक, आणि संध्याकाळी साडेसहाला नारिंगी आणि लाल यांत मला तरी फरक करता येत नाही. रंगांवर विश्वास ठेवू नये, मल्टिमीटर लावावा.

भाच्याचं हे सगळं तपासून झालं होतं. नवी बॅटरी, प्रत्येक टाका पुन्हा तापवलेला, पायाचं बटण बदललेलं. हे बटण बदलणं मला नेहमीच घाबरून केल्यासारखं वाटतं. नऊ पायांचं ते बटण सोल्डरच्या उष्णतेने आतून वितळतं हे खरं, पण ते बिघडलं तर आवाज येतो किंवा येत नाही. असा गुदमरत नाही. बिघाडाची जात न ओळखता भाग बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, खरेदी आहे.

बिघाडाची जात ओळखायला कान लागतो, आणि कान सर्किटच्या आत न्यायला लागते ती प्रोब. गिटारच्या जुन्या वायरीचं एक टोक कापायचं, आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा (वर १०४ लिहिलेला असतो), त्याच्या दुसऱ्या पायाला टोकदार सुई किंवा पिन, आणि जाळीला मगरचिमटा. चिमटा सर्किटच्या जमिनीला, दुसरं टोक अँप्लिफायरमध्ये. कपॅसिटर बॅटरीचा स्थिर दाब अडवतो आणि फक्त आवाज पुढे सोडतो. आता सुई ज्या बिंदूवर ठेवाल तिथला आवाज ऐकू येतो. इनपुटपासून एकेक बिंदू पुढे सरकायचं. जिथे आवाज मरतो किंवा बदलतो त्याच्या मागे चोर.

यासाठी पेडलमध्ये सतत काहीतरी वाजत राहायला हवं. दोन्ही हात गुंतलेले, गिटार कोण छेडणार? भाच्याने आईचा फोन आणला. ताई गाणं शिकवते; तिच्या फोनवर तंबोऱ्याचं अॅप असतं. बंगळूरचे इंजिनिअर जी. राज नारायण यांनी १९७९मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, तेव्हा बैठकीतल्या कितीतरी जणांनी नाकं मुरडली होती. आता तोच तंबोरा फोनात गेला आहे आणि नाक मुरडायला कुणाला सवड नाही. तपासणीला याहून चांगला आवाज मिळणार नाही. सलग वाजतो, जोर बदलत नाही, आणि ज्या घरात तो रोज सकाळी ऐकला जातो त्या घरातल्या कानाला त्यात जरा इकडचं तिकडे झालेलं ताबडतोब कळतं.

सुई पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर: तंबोरा जसाच्या तसा, बारीक. त्याच्या कलेक्टरवर: मोठा, किंचित खडबडीत, पण पूर्ण. दुसऱ्याच्या कलेक्टरवर: पंचम येतो आणि जातो, षड्जाचा नुसता पहिला ठोका आणि मग शांतता. ताई दारात उभी होती. 'जवारी उतरल्यासारखं वाटतंय,' म्हणाली.

ताईचं म्हणणं सहज होतं, पण ते नेमकं होतं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, अतिशय मंद उताराचा असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासत, अडखळत जाते. तारेखाली सूत घालून ती कुठे अडखळेल ते ठरवायचं, हे जवारी लावणं. सूत केसभर सरकलं की एक तर तार मुकी होते नाहीतर झणझणते. सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये कलकत्त्यात याच्यावर एक छोटा निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर तारेत येऊ नयेत, असा पाश्चात्त्यांचा नियम. तंबोरा आणि वीणा तो सरळ मोडतात, आणि याला कारण ती घोडी, हे त्यांनी दाखवून दिलं. अडथळ्यातून नवे स्वर निघतात. फझमध्ये अडथळा विजेचा, इथे हस्तिदंताचा किंवा हाडाचा, काम तेच. मग फझ दुरुस्त करणं म्हणजे अडथळा घालवणं नव्हे. तो त्याच्या जागेवर आणून ठेवणं.

या शहरात हे कुणाला शिकवायला लागू नये. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले. आणि तंबोरे त्याच मिरजेत बनून देशभर गेले. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिराच्या हातात कानस असते आणि कान तारेकडे असतो. कानशीचा एक हात, मग छेडून बघणं, मग पुन्हा अर्धा हात. इथल्या सरोदघर संग्रहालयात हाफिज अली खाँसाहेबांच्या घराण्याची वाद्यं पाहिली की कळतं, या मंडळींनी रबाबाच्या पट्टीवर धातूचा पत्रा चढवून वाद्यच बदललं. वाद्यात हात घालण्याची चाल इथली जुनी आहे. भाच्याच्या हातात कानशीऐवजी मल्टिमीटर.

मल्टिमीटरने काय सांगितलं? फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मा, साडेचार व्होल्टच्या आसपास दाब असावा लागतो. म्हणजे लाटेला वर आणि खाली दोन्हीकडे हलायला जागा राहते. इथे आकडा साडेसातच्या वर होता. लाट एका भिंतीला टेकूनच निघत होती. जोराचा धक्का बसला तर थोडी सरकायची, सूर विझायला लागला की भिंतीत जायची. पुटपुटीचं कारण सापडलं, पण कारणाचं कारण बाकी होतं. डिसेंबरात हाच आकडा साडेचार होता; त्याच्या वहीत लिहिलेलाच होता.

ते कारण शहराच्या लष्कर भागातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने मिनिटभरात दाखवलं. आता दुकानात मोबाइलचे चार्जर आणि पंखेच जास्त असतात, पण रेडिओ म्हटल्यावर गृहस्थ खुशीत आले. जुन्या पद्धतीने त्यांनी आधी बोट ओलं करून इनपुटला लावलं, घुंऽऽ आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग एसी १२८ सुटा करून मल्टिमीटरच्या गेन मोजायच्या भोकात घातला आणि म्हणाले, 'अब देखो.' मीटरने १३०च्या आसपास काहीतरी दाखवलं. त्यांनी ट्रान्झिस्टरची नळी अंगठा आणि तर्जनीत धरली, दाबली नाही, नुसती धरली. आकडा चढायला लागला. १४०, १५५, १७०. बोट काढलं, भाच्याने फुंकर घातली, आकडा उतरला. ट्रान्झिस्टर तोच, गेन तेवढाच. वाढत होती ती गळती.

ट्रान्झिस्टरला बेसमधून काहीच दिलं नाही तरी त्यातून थोडी वीज झिरपते. सिलिकॉनमध्ये ती इतकी कमी असते की विसरली तरी चालते. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन सुटायला ऊर्जा कमी लागते, म्हणून गळती हजारो पटींनी जास्त, आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ती दुप्पट होते. साधा मल्टिमीटर ही गळती गेनमध्येच मोजून मोकळा होतो, त्यामुळे मोठा आकडा पाहून खूश होऊ नये. त्यातला निम्मा हवेत असू शकतो. आता ग्वाल्हेरचा हिशोब करा. जानेवारीच्या सकाळी खोलीत १२ अंश. मे-जूनच्या दुपारी बाहेर ४५च्या वर, खोलीत सहज ४२. फरक ३० अंशांचा. तीनदा दुप्पट म्हणजे आठपट गळती. पहिल्या ट्रान्झिस्टरमधून न मागितलेली वीज वाहायला लागते, त्याच्या कलेक्टरला दुसऱ्याचा बेस जोडलेला असल्याने दुसऱ्याच्या वाट्याची वीज आटते, तो जवळजवळ बंद होतो आणि त्याच्या कलेक्टरवरचा दाब बॅटरीच्या दिशेने चढतो. साडेचारचे साडेसात असे झाले.

लंडनच्या हवेत जन्मलेल्या सर्किटला हा फरक माहीत नव्हता. तिथेही त्रास झालाच. उन्हाळी मैफिलीत पेडल बर्फाच्या पेटीत ठेवणारे वादक होते, आणि आर्बिटरने साठच्या दशकाच्या शेवटी फझ फेसमध्ये सिलिकॉनचे बीसी १०८ घालायला सुरुवात केली. पण बर्फाची पेटी ही आमच्याकडे पाच महिने लागेल.

'कूलरसमोर ठेवलं तर?' भाच्याने विचारलं. ठेवून पाहिलं. खरोखर पंधरा-वीस मिनिटांत आवाज उभा राहायला लागला. आणि त्याबरोबर आला गुणगुणाट. कूलरची मोटर, पंखा, आणि सर्वांत वाईट म्हणजे भिंतीवरचा नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. जुना लोखंडी खोक्याचा रेग्युलेटर नुसता गरम व्हायचा. नवा दर सेकंदाला शंभर वेळा वीज कापतो आणि जोडतो, आणि त्या प्रत्येक कापाची धार गिटारच्या पिकअपमध्ये शिरते. फझ ती शेकडो पटींनी वाढवून देतो. कूलर-पंखा बंद केला की गुणगुणाट जातो, पण खोली तापते आणि पेडल पुन्हा गुदमरतं. चालू ठेवलं की पेडल गातं आणि वर पंखाही गातो. हा तिढा भाच्याला इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात सापडला नाही, कारण तो फूलबागेतल्या जूनचा तिढा आहे.

गुणगुणाटाचा निम्मा दोष डबीचा निघाला. डबी अॅल्युमिनियमची, जुन्या टिफिनची. स्टीलच्या डब्याला ड्रिल मारताना बिट जातात म्हणून अॅल्युमिनियम घेतलं, हे शहाणपणाचं. पण सुबक दिसावी म्हणून आतूनबाहेरून काळा स्प्रे मारला होता. जॅकची चकती रंगावर बसली होती, म्हणजे डबीला अर्थिंगच नव्हतं. सर्किटभोवती धातूचं कवच होतं, पण कवच कशालाच जोडलेलं नव्हतं. जॅकच्या भोकाभोवतीचा रंग खरवडला आणि गुणगुणाट एकदम खाली आला. रेग्युलेटर पूर्ण फास्टवर ठेवला की आणखी थोडा. उरलेला सहन करण्यासारखा.

गळतीवर मात्र औषध नाही, पथ्य आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ८.२ के असा ठरलेला रेझिस्टर असतो. त्याच्या जागी फिरवता येणारा लावायचा आणि फिरवत कलेक्टरवर साडेचार व्होल्ट आणायचे. बहुतेक जण हा बारीक पॉट डबीच्या आत ठेवून एकदाच फिरवतात. ज्या गावात हवा बारा महिने सारखी तिथे हे ठीक. इथे तो बाहेर हवा, बटणासह. शिवाय जागा अदलाबदल केली: रेडिओतल्या दोघांपैकी कमी गळतीचा एसी १२८ पहिल्या जागी, कारण पहिल्याची गळती दुसऱ्याला मारते, जास्त गळतीचा दुसऱ्या जागी, तिथे ती थोडीफार चालते. हे मेकॅनिक काकांनी सुचवलं. दोन्ही ट्रान्झिस्टर आता सॉकेटमध्ये आहेत, म्हणजे पुढच्या वेळी आयर्न न तापवता उपसता येतील. एवढं केल्यावर, चाळीस अंशांत, तंबोरा दुसऱ्या कलेक्टरपर्यंत अखंड पोचला. मग गिटार लावली. आवाज जाड, केसाळ, आणि शेवटपर्यंत टिकणारा. हेंड्रिक्स नव्हे, पण त्या मोहल्ल्यातला म्हणायला हरकत नाही.

एक दोष उरला होता, तो रात्री उघडा पडला. गिटारचा आवाज पूर्ण खाली केला, पेडल चालू ठेवलं, की मागून बारीक आवाजात कुणीतरी बोलत होतं. आकाशवाणी. चमत्कार वगैरे काही नाही. गिटारची लांब वायर एरियलचं काम करते आणि ट्रान्झिस्टरचा जोड मध्यम लहरींवरून आवाज सोलून काढतो. पूर्वीचे क्रिस्टल सेट जर्मेनियमच्या डायोडवर असेच चालत. आजोबांच्या रेडिओतून काढलेला ट्रान्झिस्टर पुन्हा रेडिओ लावून बसला होता. भाच्याला हे इतकं आवडलं की तो ते तसंच ठेवायला निघाला. ताईने साफ सांगितलं, 'शिष्यांच्या वेळेला बातम्या लागल्या तर ती डबी मी रद्दीत देईन.' पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला, इनपुटपासून बोर्डापर्यंतची साधी तार काढून जाळीची वायर घातली, आणि निवेदक गप्प झाला.

दुसरं पेडल त्याने जुलैत सिलिकॉनवर बांधलं, बीसी १०९ घालून. मे असो की डिसेंबर, ते एकसारखं वाजतं. जरा जास्तच टोकदार, माझ्या कानाला किंचित कोरडं, आणि गिटारचा आवाज कमी केला तरी जर्मेनियमसारखं निवळत नाही. बँडमधल्या तिघांना मात्र पहिलंच हवं आहे. मेकॅनिक काकांनी त्यांच्या डब्यातले एसी १२८ आणि एसी १८८ मिळून मूठभर काढून दिले आहेत. त्यातले निम्मे गळतीला नापास झाले. जे पास झाले त्यांची जोडी लावून तो पेडलं बांधतो आहे. बाहेरच्या बटणावर आकडे नाहीत. एका टोकाला पांढऱ्या रंगाने 'पूस' लिहिलं आहे, दुसऱ्या टोकाला 'जेठ', आणि पैसे घेतानाच तो गिऱ्हाइकाला बजावतो की बटण न फिरवता जूनमध्ये तक्रार घेऊन येऊ नये.